प्रकल्प नोंदी: दक्षिण सोलापुरातील ५ मेगावॉट सौर प्रकल्पाचे पाइल

कामाचा आवाका: एसी क्षमता ५ मेगावॉट, डीसी साधारण ६.५ मेगावॉट. ५४५ वॉटची २८ पॅनेल असलेली ४२६ टेबले (पॅनेल बसवायचे लोखंडी सांगाडे). प्रत्येक टेबलाला एका ओळीत पाच लोखंडी खांब आणि प्रत्येक खांबाच्या बुडाशी एक पाइल (जमिनीत बोअर घेऊन ओतलेला काँक्रीटचा खुंट), म्हणजे एकूण २,१३० पाइल. वीज शेजारच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रात जाणार.

६ फेब्रुवारी

जागेवर जेसीबीने चाचणी खड्डे घेतले. वरून पाहिले तर सगळे शिवार एकसारखे काळे दिसते, पण खाली तसे नाही. उत्तरेकडच्या माळाच्या अंगाला काळी माती जेमतेम ४०० ते ६०० मिमी, खाली लगेच पिवळसर मुरूम. मधल्या पट्ट्यात काळी माती एक मीटरच्या आसपास, मग चुनखडीचे खडे असलेला पांढुरका थर आणि त्याखाली मुरूम. दक्षिणेला ओढ्याकडे काळी २.४ मीटरपर्यंत खोल. पूर्वेच्या कोपऱ्यात दोन खड्ड्यांत ७०० मिमीवरच खडक लागला आणि बकेट नुसती घासत राहिली.

एवढ्या फरकात सरसकट एकच लांबी ठेवली तर माळावर पैसे मातीत जातील आणि ओढ्याकडे पाइल उचलले जातील. काळ्या मातीची खोली ५० मीटरच्या चौकटीत हाताच्या ऑगरने (मातीत भोक पाडायच्या गिरमिटाने) मोजून जागेचा नकाशा करायचा. पाइलचा प्रकार त्या नकाशावरून ठरेल.

१७ फेब्रुवारी

प्रयोगशाळेचे निकाल आले. काळ्या मातीचा मुक्त फुगवटा निर्देशांक ८५ ते ११० टक्के, द्रव मर्यादा ६८ ते ७८, म्हणजे माती भिजल्यावर खूप फुगणारी. भिजवून घेतलेल्या नमुन्यांत कोहेजन (मातीचे कण एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद) सुमारे ४० किलोपास्कल. मुरूम फुगत नाही. सल्फेट आणि क्लोराइड मर्यादेत आहेत, वेगळ्या सिमेंटची गरज नाही.

२० फेब्रुवारी

वाऱ्याचे गणित. मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद. २५ वर्षांच्या आयुष्यासाठी आयएस (भारतीय मानक) ८७५ भाग ३ (२०१५) मधला गुणांक ०.९२. त्यावरून वेग ३५.९ आणि दाब ७७२ न्यूटन प्रति चौ.मी. दिशा आणि क्षेत्रफळाचे गुणांक लावल्यावर ६६७ राहतो.

टेबलाचा कल १५ अंश, उतारावरची लांबी ४.५६ मीटर, खांबांतले अंतर ३.५ मीटर. म्हणजे एका खांबावर सुमारे १६ चौ.मी. पॅनेल येते. वर उचलणाऱ्या वाऱ्यासाठी एकूण गुणांक १.१ धरला. पॅनेलला लंब बल ११.७ किलोन्यूटन, त्याचा उभा भाग ११.३, आडवा ३. पॅनेल आणि लोखंडाचे वजन ३.१ किलोन्यूटन, त्यातले ९० टक्केच वजा केले. निव्वळ उचल ८.५ किलोन्यूटन.

इथवर सगळेच करतात. खांबांची एकच ओळ असलेल्या टेबलात जे हमखास सुटते ते पुढे आहे. वाऱ्याचा दाब पॅनेलच्या मध्यावर येत नाही, वाऱ्याकडच्या कडेपासून साधारण ०.३ अंतरावर येतो. उत्तरेचा वारा पॅनेलच्या पोटात शिरला की ११.७ किलोन्यूटन बल मध्यापासून ०.९ मीटरवर लागते. त्याने १०.७ किलोन्यूटन-मीटर मोमेंट, म्हणजे वळवणारा जोर, तयार होतो. आडव्या बलाचा १.६ मीटर उंचीवरून ४.८ येतो. दोन्ही एकाच दिशेने फिरवतात, म्हणून जमिनीच्या पातळीवर बेरीज १५.५. पुरवठादाराच्या पहिल्या गणितात फक्त ४.८ होता. ती शीट परत पाठवली.

आतल्या ओळींना आडोसा मिळतो म्हणून भार कमी करावा, अशी सूचना आली होती. विंड टनेल चाचणीचा अहवाल हातात असल्याशिवाय ही सवलत घ्यायची नाही. भूकंपाच्या दृष्टीने सोलापूर झोन ३ मध्ये येते (आयएस १८९३, २०१६), पण एवढ्या हलक्या ढाच्यावर वाराच भारी पडतो.

२५ फेब्रुवारी

आता मातीचे. या शिवारात पाइलला दोन वेगळ्या ऋतूंत दोन वेगळे त्रास आहेत, आणि दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

उन्हाळ्यात काळी माती आक्रसते. पाइलभोवती फट पडते आणि भेगा मीटर-दीड मीटर खोल जातात. वळिवाचे वादळी वारे नेमके याच दिवसांत येतात. म्हणजे जोराचा वारा असतो तेव्हा वरच्या मातीचा आधार शून्य. पाइल जमिनीत नव्हे, मुरमात रोवलेला आहे असे धरून मोमेंट काढायचा. काळी १.२ मीटर असेल तर मुरमाच्या माथ्यावर १५.५ अधिक ३ गुणिले १.२, म्हणजे १९.१ किलोन्यूटन-मीटर.

पावसाळ्यात उलटे होते. माती फुगते आणि पाइलला कडेने धरून वर ओढते. भिजलेल्या मातीच्या कोहेजनच्या निम्मे, म्हणजे २० किलोपास्कल चिकट बल धरले. ३५० मिमी व्यासाच्या पाइलचा परीघ १.१ मीटर. १.२ मीटर काळ्या थरात ही ओढ २६.४ किलोन्यूटन होते, वाऱ्याच्या उचलीच्या तिप्पट. त्यात वाऱ्याचे ८.५ मिळवले की ३५.

याला उत्तर फक्त मुरमाकडे आहे. मुरमातले घर्षण ६० किलोपास्कल, सुरक्षा गुणक २.५. १.४ मीटर रुतवणुकीतून ३७ किलोन्यूटन मिळतात, पाइलच्या वजनाचे ६. एकूण ४३, पुरेसे. काळ्या थराचे घर्षण जमेच्या बाजूला कुठेच धरायचे नाही.

ठरलेले प्रकार:

अ. काळी ०.६ मीटरपर्यंत: जमिनीखाली २.० मीटर. ६१२ नग.
ब. काळी ०.६ ते १.२: जमिनीखाली २.६ मीटर. १,१९० नग.
क. काळी १.२ ते २.४: मुरमात २.० मीटर, काळ्या थरात माती पाइलला चिकटू नये म्हणून दुहेरी पॉलिथिनचे लायनर (अस्तर). २४६ नग.
ड. एक मीटरच्या आत खडक: खडकात ०.८ मीटर. ८२ नग.

सगळ्यांचा माथा जमिनीवर ३०० मिमी. काँक्रीट गणिताने सुमारे ५९० घनमीटर, बोअर फुगतात म्हणून ८ टक्के जास्त धरायचे.

‘क’ प्रकारात तळाला फुगीर कंद का नको, हे तपासनिसांनी विचारले. कंद कापायचे अवजार मुरमात उघडत नाही. काळ्या मातीत उघडते, पण फुगणाऱ्या थरातच कंद ठेवून काय साधणार? लांबी वाढवणे सोपे. ओढताना लायनर फाटले आणि पूर्ण ५३ किलोन्यूटनची ओढ आली, तरी २ मीटरची रुतवणूक जेमतेम का होईना धरते.

४ मार्च

पाइलमधला सळयांचा पिंजरा आणि खांब यांची भांडणे कागदावरच मिटवली. साइटवर ती गॅस कटरने मिटवली जातात.

खांब सी-चॅनेल, १८०×७५×२०×४ मिमी, पाइलमध्ये ७०० मिमी रोवायचा. कर्ण १९५ मिमी. ३०० मिमी पाइलमध्ये ५० मिमी कव्हर (पिंजऱ्याबाहेरचे काँक्रीट), ८ मिमी रिंग आणि १२ मिमी गज धरले की आत १६० मिमीचीच जागा राहते. खांब आत जातच नाही. ३५० मिमी पाइलमध्ये १२ मिमीचे सहा गज घेतले तर आत २१० मिमी मिळतात, खांब बसतो, पण गज आणि चॅनेल यांच्यात १३ ते १५ मिमीची फट उरते. २० मिमी खडी तिथे अडकणार, वरून काँक्रीट दिसेल आणि आत खांबाच्या बुडाशी पोकळी राहील. नेमका सगळा मोमेंट जिथे उतरतो तिथे.

उपाय: १६ मिमीचे चार गज, चॅनेलच्या कोपऱ्यांसमोर न येता ४५ अंशांवर, म्हणजे ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य. गज आणि चॅनेल यांत सुमारे ३२ मिमी मोकळे मिळतात. गजांमध्ये १३८ मिमी, आयएस २९११ ला हवे असलेल्या अंतरापेक्षा जास्त. स्टील ०.८४ टक्के, किमान ०.४ लागते. वाकण्याची क्षमता ३४ किलोन्यूटन-मीटर, गरज १९.१ च्या दीडपट म्हणजे २८.७.

   

गज पूर्ण लांबीचे. वरचा अर्धा भागच सळईचा ठेवावा, ही काटकसर इथे चालणार नाही. फुगणारी माती पाइलला वर ओढते आणि मुरूम खाली धरतो, त्यामुळे ताण सगळ्यात जास्त येतो तो मुरमाच्या माथ्यावर.

‘ब’ प्रकाराच्या एका पाइलला: १६ मिमी गज २.८ मीटरचे चार, १७.७ किलो. ८ मिमी रिंगा १५० मिमीवर, २० नग, ७.२ किलो. काँक्रीट ०.२८ घनमीटर. कव्हर ब्लॉक तीन पातळ्यांवर प्रत्येकी तीन. पिंजऱ्याच्या वरच्या रिंगेला उत्तरेकडे लाल रंगाचा पट्टा, नाहीतर पिंजरा फिरलेला बसतो आणि ४५ अंशांचा सगळा हिशेब वाया जातो.

१२ मार्च

चाचणीचे पाइल ओतले. एम-२५ प्रतीचे काँक्रीट, सिमेंट ४०० किलो प्रति घनमीटर, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५, क्रश सँड, स्लंप (ओल्या काँक्रीटचा ढिलेपणा) १२० ते १५० मिमी.

ओढ-चाचणीच्या पाइलला काळ्या थरात ४५० मिमीचा पाइप घालून माती वेगळी ठेवली. हे केले नाही तर कोरडी काळी मातीही पाइल धरते आणि आकडा फसवा चांगला येतो.

९ एप्रिल

ओढ-चाचणी, ‘ब’ प्रकार. चारही गज ६०० मिमी वर सोडून २५ मिमी प्लेटला वेल्ड केलेले. २० टनी पोकळ जॅक, आधार पाइलपासून दीड मीटर लांब, हालचाल मोजायला चार डायल गेज. कामाचा भार ३५ किलोन्यूटन. ७० वर हालचाल १.१ मिमी. पुढे १०० पर्यंत नेला, २.९ मिमी, पाइल सुटला नाही. गणिताने ९९ वर सुटायला हवा होता, म्हणजे ६० किलोपास्कलचा अंदाज हात राखूनच होता. तरी लांबी कमी केली नाही. चाचणी मधल्या पट्ट्यातल्या चांगल्या मुरमात झाली आहे, सगळीकडे तोच मुरूम असेल याची खात्री नाही.

डायल गेजची सूचना: सकाळी नऊनंतर ऊन डेटम पट्टीवर (गेज ज्या स्थिर पट्टीवर बसवतात तिच्यावर) आले की भार न बदलता काटा सरकतो. ताडपत्री बांधल्यावर थांबला. एप्रिलात चाचणी पहाटे सुरू करावी.

११ एप्रिल

आडव्या भाराची चाचणी. आधी पाइलभोवतीची माती एक मीटर खोल काढून टाकली, उन्हाळ्यातल्या भेगांची स्थिती मुद्दाम तयार केली. दोरखंड खांबावर १.६ मीटर उंचीवर. नुसते ३ किलोन्यूटन ओढून काही कळत नाही, कारण मोमेंटचा मोठा हिस्सा दाब मध्यापासून बाजूला असल्याने येतो. खड्ड्याच्या तळाशी १८.५ चा मोमेंट जुळावा म्हणून ७.१ किलोन्यूटन लावले. माथा ३.४ मिमी सरकला. दीडपट भाराला ६.१ मिमी. भार सोडल्यावर १.२ मिमी शिल्लक. आयएस २९११ भाग ४ मधली ५ मिमीची मर्यादा कामाच्या भाराला पाळली जाते.

२२ एप्रिल

मुख्य काम सुरू. क्रम असा: टोटल स्टेशनने ओळ, चुन्याचे ठिपके, ट्रॅक्टरच्या ऑगरने बोअर, तळाची साफसफाई, झाकण, पिंजरा, खांब जिगला (जागा पक्की धरणाऱ्या चौकटीला) टांगून ओळंब्यात, मग काँक्रीट.

खांब तळावर किंवा पिंजऱ्यावर टेकवायचा नाही, टांगूनच ठेवायचा. व्हायब्रेटरची सुई चॅनेलला लावायची नाही. लावली की खांब दहा-पंधरा मिमी फिरतो आणि ते टेबल बसवताना कळते, तेव्हा काँक्रीट दगड झालेले असते. मर्यादा: ओळीच्या दिशेने २५ मिमी, आडव्या दिशेने १५, उंचीत १५.

सहा घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरमध्ये ‘ब’ प्रकारचे साधारण वीस पाइल होतात. म्हणून गाडी बोलावण्याआधी किमान वीस बोअर पिंजऱ्यासह तयार हवेत. दुपारी पारा चाळिशीपार असतो, ओतकाम सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. गाडीत पाणी मारून स्लंप वाढवायचा नाही, वाढवायचा तर अॅडमिक्श्चरने (काँक्रीटमध्ये मिसळायच्या रसायनाने). माथ्यावर ओले गोणपाट सात दिवस.

६ मे

“साहेब, दगड लागला.” हे वाक्य ऑगरवाल्याकडून दिवसभर ऐकू येते. कधी तो खरेच खडक असतो, कधी मुरमातला गोटा, आणि कधी झिजलेले दात. नियम लावला: नव्या दातांनी, पूर्ण दाब देऊन दहा मिनिटांत ५० मिमीपेक्षा कमी उतरले तरच ‘दगड’. मग त्याच टेबलाचे शेजारचे बोअर पाहायचे. शेजारी १.८ मीटरवर मुरूमच असेल तर हा गोटा आहे, फोडून पुढे जायचे. खडक असेल तरच ‘ड’ प्रकार.

खडकात ३५० मिमीचे बोअर ऑगरने होत नाही. डीटीएचने (भोकाच्या तळाशी हातोडा चालणाऱ्या ड्रिलने) ११५ मिमीची भोके कडेने एकमेकांना लागून मारायची आणि मधला गाभा ब्रेकरने काढायचा. भिंत खडबडीत राहते, ती चांगलीच, घर्षण वाढते. धूळ मात्र हवेने पूर्ण उडवून काढावी.

बोअरच्या तळाची सैल माती ५० मिमीपेक्षा जास्त असू नये. उचलीला तळाचा उपयोग नाही हे खरे, पण वरून पडलेली काळी माती मुरमाच्या भिंतीला लिंपली गेली तर घर्षण जाते. ऑगर शेवटी कोरडाच दोनदा फिरवून वर घ्यायचा.

१९ मे

रात्री वळीव झाला. उघडे राहिलेले बोअर भरले, काहींच्या तोंडाची माती ढासळली. पाणी उपसून लगेच ओतण्याचा आग्रह होता, नाकारला. भिजलेल्या काळ्या मातीचा गिलावा खाली मुरमापर्यंत उतरलेला असतो. असे बोअर पुन्हा ऑगरने २०० मिमी खोल नेले आणि भिंत खरवडली. तोंड ५०० मिमीपेक्षा जास्त ढासळलेले बोअर मुरमाने भरून, ठोकून पुन्हा घेतले. यापुढे जेवढे ओतायचे तेवढेच पाडायचे.

ट्रॅक्टर वाफसा आल्याशिवाय शेतात घालायचा नाही. चाके रुतून पडलेल्या चाकोऱ्यांत पाणी साचते आणि ते थेट पाइलच्या बुडाशी जाते.

३ जून

तपासणीत दिसलेला सगळ्यात मोठा दोष: जमिनीच्या पातळीवर काँक्रीटची छत्री. बोअरचे तोंड ऑगर काढताना रुंदावते, काँक्रीट त्यात पसरते आणि पाइलभोवती ५००-६०० मिमीचे ताट तयार होते. वरून मजबूत दिसते, गवंडी ते मुद्दाम गुळगुळीतही करतो. पण फुगणारी माती या ताटाला खालून ढकलते. बाजूची ओढ २० किलोपास्कल धरली आहे, खालून ढकलणारा दाब याच्या कितीतरी पट असतो. ताटाच्या शंभर मिमीच्या कडेवर आलेला भारही पाइलच्या सगळ्या हिशेबाला धक्का देतो.

सगळी ताटे छिन्नीने तोडून पाइल सरळ ३५० मिमीचा केला. नव्या ओतकामासाठी ३५० मिमी व्यासाचा, ६०० मिमी उंचीचा पत्र्याचा साचा, निम्मा जमिनीत. साच्याबाहेरची पोकळी काँक्रीटने नव्हे, मातीने भरायची. माथ्याला खांबापासून बाहेरच्या बाजूस उतार, नाहीतर पाणी चॅनेलच्या पोटात साचून जस्ताचा थर आधी तिथेच जातो.

१७ जून

रूटीन चाचण्या, एकूण संख्येच्या अर्ध्या टक्क्याने ११ पाइल. त्यांत ‘क’ प्रकारचे चार मुद्दाम जास्त घेतले. सर्व दीडपट भाराला उतरले. ‘क’ मधल्या एका पाइलची हालचाल बाकीच्यांच्या दुप्पट आली, मर्यादेतच. नोंदवहीत पाहिले तर तिथे मुरूम नकाशातल्यापेक्षा ३०० मिमी खाली लागला होता, म्हणजे रुतवणूक तेवढी कमी भरली होती. त्या पट्ट्यातल्या उरलेल्या बोअरची खोली जमिनीपासून न मोजता मुरूम लागल्यापासून मोजायला सांगितले. ऑगरमधून निघालेल्या मातीचा रंग बदलला की काठीवर खूण.

१४ ऑक्टोबर

मेअखेर खडकातले ‘ड’ प्रकारचे पाइल आधार धरून ६० निवडक पाइलच्या माथ्यांची पातळी घेतली होती, आज तीच पुन्हा घेतली. सप्टेंबरचा पाऊस पूर्ण मुरलेला आहे. ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये फरक २ मिमीच्या आत. ‘क’ मध्ये ५ मिमीपर्यंत वर.

एक टेबल ११ मिमी तिरके झालेले. तिथे केबलचा चर पाइलपासून २०० मिमीवर खणला आहे आणि सैल काळ्या मातीने बुजवला आहे. पावसाचे पाणी चरातून थेट खाली उतरले. चर पाइलपासून किमान ६०० मिमी लांब, भरण १५० मिमीच्या थरांत ठोकून, वर मुरमाचा उंचवटा. आधी खणलेले जवळचे चर उघडून याच पद्धतीने पुन्हा भरायचे आहेत, ओढ्याकडच्या ओळींपासून सुरुवात.